नकोच्या चौकोनातली खूण

नाही गं, गोळी नको मला — गोड खात नाही मी, चार वर्षं होऊन गेली. छे, साखरेबिखरेचा आजार नाही, नवस बोलले होते तसा. आमच्या ह्यांच्या फुप्फुसात निघालं ना, तेव्हा. डॉक्टर म्हणाले होते, ऑपरेशन करू, आणि पुढची पाच वर्षं नीट गेली की मग सुटलो म्हणायचं — म्हणून मीही देवापुढे पाच वर्षांचीच मुदत ठेवली, म्हटलं ह्यांना पाच वर्षं सुखरूप काढू दे, तोवर गोडाचा कण जिभेवर ठेवणार नाही. ते सोपं गेलं. बिनसाखरेचा चहा आठ दिवसांत अंगवळणी पडतो. दुसरं सोडलं होतं ते अवघड — हो, दोन गोष्टी सोडल्या होत्या. दुसरी म्हणजे विचारणं. आजाराबद्दल एकही प्रश्न विचारायचा नाही, कुणाला म्हणजे कुणाला नाही. हस तू, पण मला ओळखणाऱ्यांना ठाऊक आहे ते किती मोठं सोडणं होतं. मी दारात आलेल्या पोस्टमनला त्याच्या सुनेचं बाळंतपण विचारणारी बाई. पहिल्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत मी इतकं विचारलं, इतकं विचारलं — किती मोठं आहे, कधीपासून असेल, डावीकडेच का, ह्यांनी तर उभ्या जन्मात विडी ओढली नाही, मग का — की बाहेर आल्यावर हे भिंतीला टेकून म्हणाले, "अगं, तू विचारतेस ना, तेव्हा मला जास्त भीती वाटते." बस. त्याच संध्याकाळी मी प्रश्न सोडले.

सरक थोडी इकडे, त्या खुर्चीचा एक पाय हलतो. इथल्या सगळ्या खुर्च्या पाठ आहेत मला. तू पहिल्यांदा आलीस ना? मांडीवरच्या कागदावरून कळलं — कोपरासुद्धा दुमडलेला नाही अजून त्याचा. बाबांबरोबर आलीयस? मघाशी आत गेले, टोपीवाले, ते? बरं. आणि तुला म्हणाले असतील, तुम्ही निरोगी आहात, एकाच छपराखाली राहता, तर तुलनेला तुमचंही थोडं रक्त द्या. मलाही असंच म्हणाले होते. आजाऱ्याचं रक्त आणि त्याच्या घरातल्या धडधाकट माणसाचं रक्त, जोडीजोडीनं ठेवतात. हवा तीच, चुलीचा धूर तोच, धूळ तीच. आमच्याकडे धूळ होतीच — हे चष्म्याच्या काचा घासायचे, बत्तीस वर्षं, संध्याकाळी सदरा झटकला की उजेडात पांढरं काहीतरी तरंगायचं. झटकायचे कोण? मीच. तर धडधाकट माणूस म्हणून मी. वर्षातून चारदा येते, ह्यांच्याबरोबर, दंड पुढे करते. नळीवर नाव नसतं, आकडाच असतो — हे पंचेचाळीस, मी सेहेचाळीस. इथेसुद्धा नवऱ्याच्या मागे एक पाऊल.

ती आत पांढऱ्या कोटातली, लांब वेणीवाली, नळ्यांवर आकडे चिकटवतेय — दिसली? ती माझी भाची. माझ्या पाठच्या बहिणीची मुलगी. बहीण लवकर गेली, मग ही माझ्याच घरी वाढली, आमची चिमणी. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून शिकली, मी पोळ्या लाटायची आणि ही पिठाच्या धुरळ्यात पुस्तक उघडून बसायची. आता फुप्फुसाच्या कॅन्सरवर अभ्यास करते. काकांना झालं म्हणून नाही हं, आधीपासूनच करत होती, पण काकांना झाल्यापासून जास्त करते. कशावर अभ्यास, ते तिनं मला एकदा बसवून सांगितलं — मी विचारलं नव्हतं, नवस होता ना, पण ऐकायला बंदी नव्हती.

ती म्हणाली, मावशी, आपल्या प्रत्येक पेशीत एक मोठी वही असते, सगळी कामं त्यात लिहिलेली. ही वही जागची हलत नाही. एखादं काम करायचं झालं की तेवढ्याच ओळींची नक्कल चिठ्ठीवर उतरते, ती चिठ्ठी बाहेर जाते, आणि तिच्याबरहुकूम काम होतं. आणि ही मायक्रो-आरएनए म्हणजे एवढासा तुकडा, बावीस-तेवीस अक्षरांचा. स्वतः कुठलंच काम सांगत नाही. नुसती जाऊन आपल्या चिठ्ठीला चिकटते, आणि चिकटली की ती चिठ्ठी वाचलीच जात नाही, फाटूनसुद्धा जाते. मी म्हटलं, म्हणजे ओठावर बोट ठेवणारी. चिमणी इतकी हसली — म्हणाली, मावशी, हे मी उद्या मोठ्या सभेत सांगणार. तर म्हणे 'वाढा, वाढा' सांगणाऱ्या चिठ्ठ्या असतात, त्यांच्या ओठावर बोट ठेवणारी एक मंडळी आहे, सात नंबरची का काय. कॅन्सरमध्ये ती मंडळी कमी होते, मग वाढायचं थांबतच नाही. आणि 'पुरे आता, थांबा' सांगणाऱ्याही चिठ्ठ्या असतात. त्यांना गप्प करणारी दुसरी, एकवीस नंबरची — ती फार वाढते. म्हणजे थांब म्हणणाऱ्याचंच तोंड बंद. मला ते फार लागलं, का कोण जाणे. वहीत लिहिलेलं सगळं जागच्या जागी असलं, तरी कुणी बोलायचं आणि कुणी गप्प बसायचं एवढंच उलटंपालटं झालं की रोग पुढे सरकतो, पसरायला शिकतो. आणि ह्या बावीस अक्षरवाल्या रक्तात सांडतात. म्हणून रक्तात शोधायचं, फोटोत डाग दिसायच्या आधी काही कळतंय का. कळेलच असं नाही — ती दहादा म्हणाली, मावशी, हा इशारा आहे, पुरावा नाही, अजून कशाचीच खात्री नाही, म्हणून तर अभ्यास.

आता तो कागद उलट. मागचं पान. खाली दोन चौकोन आहेत बघ — 'अभ्यासात माझ्याविषयी काही आढळल्यास मला कळवावे', आणि पुढे होय, नको. दिसले? मी नकोवर खूण केली होती. चिमणीनंच पेन दिलं होतं. ती म्हणाली, मावशी, नीट वाच. मी म्हटलं, वाचलं गं, पण मी प्रश्न सोडलेत, आता कागदावर होय लिहिलं तर ते विचारल्यासारखंच झालं की, नवस मोडला माझा. माझ्या व्रतांना त्या घरात कुणी कधी टोकलं नाही — मी उपास धरला की सगळे हळू बोलायचे. लाड म्हण, धाक म्हण. तर खूण केली, ठळक केली, पेन परत दिलं.

मग सांगते काय झालं. गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता चिमणीचा फोन आला — मावशी, रक्त परत द्यावं लागेल, नळीत रक्त फुटलं, आकडे वेडेवाकडे येतायत. होतं म्हणे असं, रक्ताच्या पेशी फुटल्या की सगळं खोटंच वाढलेलं दिसतं. आले, दिलं. पंधरा दिवसांनी परत फोन — मावशी, नळी हातातून पडली. मी तिला चिडवलं, म्हटलं लहानपणी कपबशी कधी फोडली नाहीस आणि आता माझंच रक्त सांडतेस. आले, दिलं. महिन्यानं तिसऱ्यांदा. तेव्हा म्हणाली, फ्रीजर बंद पडला होता. मी इथेच, ह्याच खुर्चीवर बसून तिच्या त्या फ्रीजरसाठीसुद्धा देवाला हात जोडले, की पोरीचं काम वाया जाऊ देऊ नको. फ्रीजर बंद पडला नव्हता. नळीही पडली नव्हती. पहिल्यांदाचं तेवढं खरं होतं, मग तिनं नीट काढलेल्या रक्तात पुन्हा बघितलं, तिसऱ्यांदा बघितलं — सेहेचाळीस नंबरची एकवीस वाढलेली, सातवाली उतरलेली. धडधाकट माणसात असं दिसायला नको होतं.

हो. माझंच. पेशंट आज मी आहे, ह्यांच्या सोबतीला आलेली नाही. मला वाटलं होतं, तुला एवढं सांगणार नाही.

पण थांब, अजून मुद्द्यावर आले नाही मी. मला कळवायला तिला बंदी होती — नकोवर खूण. नियम म्हणजे नियम. मग तिनं काय करावं? ती गेली काकांकडे. म्हणजे नियम मोडलाच ना? मोडायचाच होता तर माझ्यापाशी मोडायचा होतास गं. माझं रक्त, माझं फुप्फुस, आणि सल्लामसलत कुणाबरोबर, तर पंचेचाळीस नंबरबरोबर. हे तिला म्हणाले, "तिला सांगू नकोस. मी बघतो." सात महिने बघत होते. सात महिने एका ताटलीत हात घालून आम्ही जेवत होतो आणि माणूस माझ्याकडे बघत होता. मला काही कळू नये? कळत होतं, पण वेगळंच कळत होतं. अचानक स्वयंपाकघरात धूर ओढणारा पंखा बसवला. फोडणी मी देतो म्हणाले — चाळीस वर्षांत चहाचं आधण ठेवलं नव्हतं. जिन्यावर माझ्या हातातली पिशवी घ्यायचे. मी समजले, आजारातून उठल्यावर माणसाला बायकोची किंमत कळते, ते हेच. मी शेजारणीला सांगितलंसुद्धा, म्हटलं देवानं मला नवा नवरा दिला. ती म्हणाली, माझाही बदलून मागा. हसलो आम्ही. मी मनातल्या मनात तो सगळा सात महिन्यांचा लाड माझ्या नवसाच्या पदरात टाकला, बघ. आता तो परत घ्यावा तर कुणाकडून.

नाही, अगदीच काही केलं नाही असं नाही. दोनदा म्हणाले, माझा फोटो काढायचाच आहे छातीचा, तुझाही काढून टाकू सोबतीला. मी म्हटलं, सोबतीला फोटो काढायला हे काय लग्न आहे? आणि उडवून लावलं. तिथं त्यांनी रेटायला हवं होतं. का नाही रेटलं? रेटलं असतं तर मी 'का' म्हणून विचारलं असतं — नाही, विचारलं नसतं, सोडलं होतं ना विचारणं. बघ कसं बांधून ठेवलं होतं मीच सगळ्यांना.

मग खोकला आला. उन्हाळ्यातला खोकला. तेव्हा मात्र मला हाताला धरून आणलं त्यांनी, आणि मशीनमध्ये निजवलं, आणि उजवीकडे वर बोराएवढं काहीतरी निघालं. अकरा दिवसांपूर्वी. डॉक्टर बोलत होते, मी ऐकत होते, आणि टेबलावर ती घरच्या माहितीची चिठ्ठी होती, हे भरून देतात ती — ह्यांचं अक्षर मी ओळखते, काचेवर आखल्यासारखं असतं. त्यात लिहिलं होतं, 'अभ्यासातील रक्तात इशारा', आणि पुढे तारीख. त्या तारखेच्या आठवड्यात आमच्या लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली होती. त्यांनी मला करड्या रंगाची शाल आणली होती. ही, अंगावर आहे ती.

घरी गेल्यावर मी चार वर्षांत पहिल्यांदा प्रश्न विचारला. एकच. म्हटलं, का नाही सांगितलंत?

ते खुर्चीवर बसले, बूटसुद्धा न काढता. म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू हसली असतीस. म्हणाली असतीस, ऐकलं देवानं. आणि औषधाला हात लावला नसतास."

तुला नाही कळणार हे. मलाही कळायला दोन मिनिटं लागली. कारण मी दोन गोष्टी बोलले होते म्हणून सांगितलं ना तुला — तिसरी एक होती. ती कधी कुणाला सांगितली नाही. ह्यांच्या ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी, दिवा लावला, घरात कुणी नाही असं बघितलं, आणि म्हटलं, ह्यांचं दुखणं मला दे. नीट, शब्द मोजून म्हटलं. ह्यांना सोड आणि मला दे. आणि हे पाण्याचा पेला घ्यायला आले होते म्हणे, दाराशीच उभे होते. ऐकलं, आणि पाणी न घेताच परत गेले. चार वर्षं त्या माणसानं ते मनात ठेवलं. आणि चिमणीनं येऊन सांगितलं तेव्हा त्यांना काय वाटलं असेल — की झालं, पोचलं हिचं मागणं, माझ्या वाट्याचं हिच्या अंगावर आलं. चिमणी ओरडून सांगत होती म्हणे, काका, असं नसतं, तोच धूर, तीच धूळ, दोघांना होऊ शकतं, आणि अजून तर खात्रीही नाही. पण ज्या माणसानं ते कानांनी ऐकलंय त्याला काय पटणार. त्यांना वाटलं, हिला कळू न देता हिला वाचवू. कळलं तर ही वाचणारच नाही.

आणि खरं सांगू? हसले असते मी. ते चूक नव्हते. त्या वेळी सांगितलं असतं ना, तर मी दिव्यापुढे बसून हसले असते, आणि औषधाला कदाचित खरंच नाही म्हटलं असतं. हे तुला सांगतेय, त्यांना सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. त्यांना कशाला एवढं समाधान द्यायचं. कारण माझं हसायचं होतं तर मला हसू द्यायचं. मग मी हसले असते, मग एक दिवस घाबरले असते, मग तुझ्यासारखी रांगेत येऊन बसले असते — कदाचित. ते सगळं माझं होतं. माझ्या दोन माणसांनी, ज्यांच्यासाठी मी जीभ बांधली, त्यांनी माझ्या ओठावर बोट नाही ठेवलं, थेट चिठ्ठीच फाडली.

चिमणी रडली. म्हणाली, मावशी, तू माझ्यासमोर नकोवर खूण केली होतीस. ते खरंच आहे. मी तिला काही बोलले नाही. तिला नाही आणि ह्यांनाही नाही. त्या प्रश्नानंतर अकरा दिवस घरात ह्यांच्याशी तीनच वाक्यं बोललेय — जेवण झाकून ठेवलंय, किल्ली खुंटीला आहे, नळ नीट बंद करा. ते बघ, पाण्याच्या यंत्रापाशी उभे आहेत, निळा सदरा. हो, तेच. जवळ येऊन बसायची हिंमत नाही. त्यांच्या हातात पिशवी आहे ना, ती माझी आहे.

आज कशाला आलेय? आज कळणार आहे, ते तेवढ्याच जागी आहे का गाठींपर्यंत पोचलंय. सात महिन्यांनी काही बिघडलं का — हा माझा पहिला प्रश्न आहे. वहीत लिहून आणलाय. चौकोनी वही घेतली, शाळेतली असते तशी, चौदा प्रश्न झालेत. दुसरा प्रश्न, तेव्हा फोटो काढला असता तर दिसलं असतं का. चिमणी म्हणते, मावशी, मला ठाऊक नाही, कदाचित काहीच दिसलं नसतं. तिचं 'ठाऊक नाही' मला आवडलं गं. सात महिन्यांत पहिल्यांदा ती मला खरं बोलली. त्या दोन शब्दांवर मी कालची रात्र शांत झोपले.

देवावर रागावले का? तू फारच पुढचं विचारतेस. थोडी रागावले. मी मागितलं होतं हे खरं, पण माणूस घाबरून काहीही मागतो, मोठ्यांनी ते मनावर घ्यायचं नसतं. मग वाटलं, त्यानं दिलंच नसेल, धूळच असेल, धुरानंच झालं असेल, त्याला कशाला मध्ये ओढा. तो बिचारा चार वर्षं माझं बिनसाखरेचं तोंड बघतोय. दिवा लावते रोज. परवा नवा नवस बोलले. ह्या वेळी काही सोडलं नाही. ह्या वेळी धरलं — म्हटलं, जोवर श्वास आहे तोवर रोज एक तरी विचारीन, आणि उत्तर आलं की तोंड फिरवणार नाही. फार अवघड आहे. गोड सोडणं काहीच नाही त्याच्यापुढे. काल ह्यांना विचारायचा होता तो विचारला नाही, उद्यावर ढकलला. पण आहे वहीत, पंधरावा म्हणून घालते.

सेहेचाळीस. ऐकलंस? आकड्यानंच हाक मारतात, मी सांगितलं ना. दार उघडं धरून चिमणीच उभी आहे. नाक लाल झालंय कार्टीचं, सकाळी जेवलीही नसेल.

अहो. अहो, इकडे या. पिशवी आणा. वही त्यात आहे — नाही, नुसती पिशवी देऊन मागे नाही जायचं, तुम्ही पण आत या, उत्तरं लिहायला कुणीतरी हवं, तुमचं अक्षर बरं आहे.

जाते गं. तू उठू नकोस, तुझा नंबर यायला वेळ आहे. ती गोळी पर्समध्ये ठेव, पाच वर्षांना अजून आठ-नऊ महिने आहेत, तेव्हा घेईन तुझ्याकडून. आणि तो कागद उलटाच राहू दे. पेन आहे ना? मग बोल नवस माझ्यासारखा — मला ऐकवू नकोस, मनात बोल, की विचारीन आणि ऐकीन. आणि होयवर खूण कर. ठळक कर.